शालेय गायकवृंदाच्या शिक्षकांसाठी वर्षअखेरचा आढावा, पुढील वर्षाचे नियोजन आणि नवचैतन्य

एप्रिल महिना सुरू झाला की शाळेच्या संगीतकक्षात एक निराळीच शांतता येते. स्नेहसंमेलन, नाताळचा कार्यक्रम, प्रजासत्ताक दिन, दहावीच्या विद्यार्थ्यांचा निरोपसमारंभ, पवित्र आठवडा हे सारे एकामागून एक पार पडलेले असते. परीक्षा सुरू असल्यामुळे सराव बंद असतो. पेटीवर कापड पडलेले असते आणि गीतांच्या झेरॉक्स प्रती कपाटात कोंबलेल्या असतात. वर्षभर मुलांचे सूर जुळवणारा शिक्षक मात्र उत्तरपत्रिका तपासण्यात आणि निकालपत्रके भरण्यात बुडून गेलेला असतो. मग मे महिन्याची सुट्टी लागते आणि जूनच्या मध्याला शाळा उघडताच स्वागतगीत बसवण्याची सूचना येते. गतवर्षाचा विचार करण्यास आणि येत्या वर्षाची आखणी करण्यास उसंत मिळतच नाही.

आमच्या धर्मग्रामांच्या शाळांतून गायकवृंद सांभाळणारे बहुतेक शिक्षक पूर्णवेळ संगीतशिक्षक नाहीत. कुणी मराठी शिकवतो, कुणी विज्ञान, कुणी धर्मभगिनी मुख्याध्यापिकेचे काम सांभाळून सराव घेतात. या सर्व बंधुभगिनींच्या हाती वर्षअखेरीस एक टिपण असावे या हेतूने आम्ही पुढील माहिती एकत्र केली आहे. ती क्रमाने वाचावी, आपापल्या शाळेला लागू पडेल तेवढी घ्यावी आणि बाकीची सोडून द्यावी.

ख्रिस्तसभेची शिकवण

शालेय गायनाकडे अनेकदा कार्यक्रमाची शोभा म्हणून पाहिले जाते. ख्रिस्तसभेने मात्र त्याला अधिक मोलाचे स्थान दिले आहे. परमगुरुस्वामी संत दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, पवित्र संगीताविषयी आपले सुप्रसिद्ध मार्गदर्शन प्रसृत केले. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचे संविधान जाहीर केले. त्याचे सहावे प्रकरण संगीताला वाहिलेले आहे. त्यातील ११५ व्या परिच्छेदात सेमिनरी आणि व्रतस्थांच्या प्रशिक्षणगृहांबरोबरच कॅथोलिक शाळांतही संगीताच्या शिक्षणाला महत्त्व द्यावे, असे स्पष्ट सांगितले आहे. ११९ वा परिच्छेद आपल्यासाठी अधिकच जिव्हाळ्याचा आहे. ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, त्या परंपरेला योग्य तो मान व स्थान मिळावे, अशी तेथे अपेक्षा आहे. ५ मार्च १९६७ रोजी निघालेल्या संगीतविषयक सूचनापत्राने गायकवृंदाचे काम आणखी स्पष्ट केले. त्याने आपला भाग उत्तम गावा आणि जमलेल्या समुदायाच्या सक्रिय सहभागालाही हातभार लावावा.

यातून एक कसोटी हाती येते. वर्षाच्या शेवटी ‘आपल्या वृंदाने किती बक्षिसे मिळवली’ या प्रश्नाआधी ‘आपल्यामुळे किती मुले गाऊ लागली’ हा प्रश्न विचारावयास हवा.

वर्षाचा आढावा: एका वहीचे काम

आढावा मनातल्या मनात घेतला की तो जूनपर्यंत विरून जातो. म्हणून शंभर पानी साधी वही घ्यावी आणि परीक्षा संपल्यानंतरच्या आठवड्यात, आठवणी ताज्या असतानाच, दोन तास बसून पुढील बाबी लिहून काढाव्यात.

१. गीतांची यादी: वर्षभरात बसवलेले प्रत्येक गीत, ते कोणत्या प्रसंगी गायले, कोणत्या पट्टीत गायले, बसवण्यास किती तासिका लागल्या आणि मुलांना ते आवडले का. पट्टी लिहून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते. पुढील वर्षी पेटीवर चाचपडावे लागत नाही.

२. मुलांची यादी: कोण आले, कोण मध्येच गळाले आणि का गळाले. शिकवणीची वेळ, घर दूर असणे, सायंकाळी सोबत नसणे, शिक्षकाचे रागावणे ही कारणे प्रामाणिकपणे नोंदवावीत.

३. वेळेचा हिशेब: ठरलेल्या सरावांपैकी प्रत्यक्षात किती झाले? ऐन कार्यक्रमाच्या आठवड्यात रोज दोन तास आणि एरवी महिनाभर शून्य, अशी स्थिती असेल तर तीही लिहावी.

४. साहित्य: वाद्ये, गीतपुस्तिका, ध्वनिक्षेपक, त्यांची अवस्था आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च. हा कागद सुट्टीपूर्वीच मुख्याध्यापकांकडे द्यावा, म्हणजे नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकात तो विचारात घेता येतो.

५. एक समाधान आणि एक खंत: वर्षातील एक क्षण ज्यासाठी देवाचे आभार मानावेत, आणि एक गोष्ट जी पुन्हा होऊ नये.

पाचवी बाब सर्वांत अवघड आहे. ती आम्ही स्वतः कशी लिहिली ते येथे सांगणे आम्हास उचित वाटते.

‘तू फक्त ओठ हलव’

आम्ही एका शाळेत गायकवृंद सांभाळत होतो. नाताळच्या कार्यक्रमास चार दिवस उरले होते. सातवीतला एक मुलगा मोठ्या आवाजात आणि बेसूर गात होता. तो सरावाला सर्वांआधी येई, बाके सरकवी, पेटी उचलून आणी. आम्ही त्याला बाजूला घेऊन सांगितले, ‘तू फक्त ओठ हलव, आवाज काढू नकोस.’ त्याने मान हलवली. कार्यक्रम उत्तम झाला, पाहुण्यांनी कौतुक केले. जानेवारीपासून तो मुलगा सरावाला आला नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

बऱ्याच वर्षांनी एका रविवारी मिस्सामध्ये तो आमच्या पुढच्या बाकावर दिसला. शेजारी त्याची लहान मुलगी होती. सारा समुदाय गात होता, ती चिमुरडीही गात होती. तो गीतपुस्तिका उघडी धरून स्तब्ध उभा होता. त्याचे ओठसुद्धा हलत नव्हते. त्या दिवसापासून आमच्या वहीत पाचव्या बाबीखाली पहिले वाक्य हेच असते, की कोणत्याही मुलाला गाऊ नकोस असे सांगणार नाही.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. बेसूर गाणाऱ्या बहुतेक मुलांचा कान अद्याप घडलेला नसतो, आणि कान घडवता येतो. अशा मुलाला स्थिर गाणाऱ्या दोन मुलांच्या मध्ये उभे करावे. प्रथम त्याच्या गळ्यातून सहज निघणारा सूर आपण पकडावा, तो त्याच्याबरोबर धरावा आणि मग एकेक सूर वर न्यावे. एकाच सुरावर ‘म’काराचा गुंजारव करण्याचा सराव रोज दोन मिनिटे दिला, तरी काही महिन्यांत फरक जाणवतो. मोठ्या आवाजात गाणाऱ्याला ‘हळू गा’ असे म्हणण्यापेक्षा ‘शेजाऱ्याचा आवाज ऐकू येईल इतके गा’ असे सांगितले की तो ऐकू लागतो.

मुलांचा आवाज ओळखणे

नवीन वर्षाची गीते निवडण्यापूर्वी मुलांच्या गळ्याची मर्यादा जाणून घेतली पाहिजे. प्राथमिक वर्गातील बहुतेक मुलांना मध्य सप्तकातील पांढरी दोनपासून तार सप्तकातील पांढरी दोनपर्यंतच्या टापूत सुखाने गाता येते. शिक्षकाच्या गळ्याला सोयीची असलेली पट्टी मुलांना सोयीची असतेच असे नाही. विशेषतः पुरुष शिक्षक आपल्या खर्जाच्या सोयीने गीत खाली घेतात. मग मुले ओरडून किंवा घशात दाबून गातात. गीताचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर आधी पेटीवर शोधावा आणि त्यानुसार ‘सा’ ठरवावा.

साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षाच्या दरम्यान मुलग्यांचा आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि बोलण्याचा सूर सुमारे एक सप्तक खाली उतरतो. मुलींच्या आवाजातही या वयात बदल होतो; तो थोड्या सुरांपुरताच असल्याने सहसा लक्षात येत नाही, पण आवाजात काही काळ श्वास मिसळल्यासारखा होतो. या काळात मुलाला वृंदातून काढून टाकण्याची मुळीच गरज नाही. त्याच्यासाठी चार-पाच सुरांतच फिरणारी खालची ओळ बांधावी, उंच सूर ताणू देऊ नये आणि वर्गासमोर त्याच्या आवाजाला कुणी हसणार नाही याची खबरदारी घ्यावी. सातवी-आठवीच्या मुलग्यांना आपण याच काळात गमावतो आणि मग धर्मग्रामाच्या गायनमंडळात पुरुष आवाज मिळत नाहीत म्हणून हळहळतो.

वाद्यांची सुट्टीपूर्व काळजी

आपल्या किनारपट्टीवर मे महिन्याचा दमटपणा आणि जूनचा पाऊस वाद्यांची कसोटी पाहतात. सुट्टीपूर्वी एक तास काढून पुढील कामे करावीत.

पेटी: भात्याचा खटका लावावा, स्वरांचे खुंटे आत ढकलावेत आणि मऊ कोरड्या फडक्याने पट्ट्या पुसाव्यात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये, आतला दमटपणा आतच राहतो. सुती कापड घालून, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता लाकडी पेटाऱ्यात ठेवावी. पेटाऱ्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. सुरांच्या पितळी पट्ट्यांवर तेल सोडण्याचा प्रयोग कोणी करू नये. एखादा सूर बसला असल्यास तो कारागिराकडेच द्यावा, आणि पावसापूर्वी द्यावा. सुट्टीत शाळेत येणाऱ्या कर्मचाऱ्याला किंवा जवळ राहणाऱ्या विद्यार्थ्याला आठवड्यातून एकदा दहा मिनिटे पेटी वाजवण्यास सांगितले तर उत्तम.

तबला-डग्गा: दमट हवेने पुडी सैल पडते आणि सूर उतरतो. शाई ओल्या हाताने पुसू नये. दोन्हींवर गाद्या घालून चुंबळीसह खोक्यात ठेवावेत. तबल्याचे गठ्ठे फार ताणलेले असतील तर थोडे उतरवून ठेवावेत.

गिटार व कीबोर्ड: गिटारच्या तारा एक-दोन सूर उतरवाव्यात. कीबोर्ड व ध्वनिक्षेपकातील सेल काढून ठेवावेत. आत राहिलेले सेल गळून वाद्य निकामी होण्याचे प्रकार दरवर्षी घडतात.

गीतपुस्तिका: मोजाव्यात, फाटलेल्या वेगळ्या काढाव्यात आणि वाळवी नसलेल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवाव्यात.

पुढील वर्षाचे वेळापत्रक

आपल्याला दोन दिनदर्शिका एकत्र पाहाव्या लागतात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, ख्रिस्तसभेचे उपासनावर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी. एका मोठ्या कागदावर जून ते एप्रिल असे रकाने आखून दोन्हींचे दिवस दोन रंगांत लिहावेत.

शाळेचे व राष्ट्रीय दिवस बहुतेक ठरलेले असतात. १५ ऑगस्ट हा स्वातंत्र्यदिन, आणि त्याच दिवशी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. म्हणून ध्वजवंदनाची गीते व मिस्साची गीते यांचा सराव जुलैतच वाटून घ्यावा. त्यानंतर ५ सप्टेंबरला शिक्षकदिन, ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा जन्मोत्सव, २२ नोव्हेंबरला संत सिसिलियेचा सण, ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण, मग नाताळ आणि २६ जानेवारी. वसईच्या भूमीत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे हौतात्म्य लाभले आणि ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद बहाल झाले. ६ फेब्रुवारीला साजऱ्या होणाऱ्या त्यांच्या सणासाठी मुलांना त्यांची कथा सांगून एक गीत बसवावे. राष्ट्रगीत पूर्ण गाण्यास सुमारे ५२ सेकंद लागतात, हे मुलांना घड्याळ लावून शिकवावे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्राचे राज्यगीत म्हणून स्वीकारलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राजा बढे यांचे, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले गीत प्रत्येक वर्गाला नीट यावयास हवे.

बदलत्या तारखांत सर्वांत महत्त्वाची तारीख पुनरुत्थान रविवारची. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार, असा त्याचा नियम असल्याने तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही येतो. २०२७ साली तो २८ मार्चला आहे; म्हणजे राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला येतो आणि सारा प्रायश्चित्तकाळ शालान्त परीक्षांच्या धामधुमीत जातो. २०२८ साली राखेचा बुधवार १ मार्चला आणि पुनरुत्थान रविवार १६ एप्रिलला आहे. ज्या वर्षी पुनरुत्थान लवकर येते, त्या वर्षी पवित्र आठवड्याची गीते नाताळपूर्वीच एकदा ओळखीची करून द्यावीत. फेब्रुवारीत केवळ उजळणी उरेल. दहावीच्या मुलांवर या सेवेचा भार टाकू नये. त्यांच्या जागी सातवी-आठवीची मुले तयार करणे हेच खरे नियोजन.

रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे आहे. वर्ष ‘अ’ मध्ये मुख्यत्वे संत मत्तय, ‘ब’ मध्ये संत मार्क आणि ‘क’ मध्ये संत लूक यांचे शुभवर्तमान वाचले जाते. ज्या इसवी सनाला तीनने पूर्ण भाग जातो ते वर्ष ‘क’, एवढे लक्षात ठेवले की पुरे. मात्र मोजणी आगमनकाळापासून सुरू होते. २९ नोव्हेंबर २०२६ रोजी सुरू होणारे उपासनावर्ष २०२७ चे, म्हणून ‘ब’ ठरते. प्रतिसाद स्तोत्रांची निवड या चक्रानुसार केल्यास तीन वर्षांत शाळेकडे एक सुंदर संग्रह तयार होतो.

नव्या शिक्षकांसाठी एक आठवण: प्रायश्चित्तकाळात आलेलुया गायला जात नाही. गौरवगीत आगमनकाळ व प्रायश्चित्तकाळ या दोन्ही काळांतील रविवारी गायले जात नाही. प्रायश्चित्तकाळात वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरती वाजवावीत. चौथा रविवार व मोठे सण याला अपवाद आहेत.

गीतांची निवड

वर्षाला किती नवी गीते घ्यावीत? आमच्या अनुभवाप्रमाणे आठवड्याला दोन तासिका मिळणाऱ्या वृंदाने दहा-बारा नवी गीते नीट बसवली तर खूप झाले. उरलेली जुनी असावीत. मुलांना पाठ असलेली, पालकांनाही येणारी आणि धर्मग्रामात गायली जाणारी गीते हीच वृंदाची खरी शिदोरी होय.

स्वरज्ञान देताना आपल्याकडे दोन समृद्ध वाटा आहेत. अकराव्या शतकात इटलीतील आरेत्सो येथील ग्विदो या मठवासीयाने संत योहान बाप्तिस्ता यांच्या स्तोत्राच्या ओळींतील आरंभीच्या अक्षरांवरून सुरांना नावे दिली. पुढे त्यांतूनच ‘दो रे मी’ रूढ झाले. आपल्याकडे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीतशिक्षण सर्वांसाठी खुले केले, आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी सोपी स्वरलिपी रूढ केली. मराठी गीते ‘सा रे ग म’च्या लिपीत फळ्यावर लिहावीत, तीच ओळ ‘दो रे मी’त गाऊन दाखवावी. दोन्ही आलेले मूल भजनी ठेका आणि चार सुरांचे समूहगान या दोहोंत बिचकत नाही. वर्षात एखादे गीत आपल्या घरच्या बोलीतील, सामवेदी, वाडवळी, कोळी अथवा कोकणी, अवश्य घ्यावे. आजीकडून ते लिहून आणण्याचा गृहपाठ मुलांना सुट्टीत देता येईल.

निवडीच्या वेळी आणखी तीन गोष्टींचे भान ठेवावे.

पहिली, आपल्या शाळांत सर्व धर्मांची मुले शिकतात आणि वृंदातही आनंदाने गातात. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत कोणालाही स्वतःच्या, आणि अज्ञान मुलांच्या बाबतीत पालकांच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात अथवा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. म्हणून शाळेचा सर्वसाधारण वृंद आणि मिस्सासाठीचा वृंद यांच्या याद्या वेगळ्या असाव्यात, आणि जूनमध्येच पालकांची लेखी संमती घ्यावी. मैत्री, निसर्ग, देशप्रेम, कृतज्ञता या विषयांवरील गीतांचा सर्वांना सारखाच आनंद घेता येतो.

दुसरी, गीतांचे हक्क. १९५७ च्या कायद्यानुसार कवी व संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे राहतो. प्रामाणिक धर्मविधीत गीत गाण्यास, तसेच शाळेत विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यासमोर ते सादर करण्यास कायद्याने सूट दिली आहे. पण गीतपुस्तिका छापून विकणे किंवा ध्वनिमुद्रण इंटरनेटवर प्रसृत करणे यासाठी परवानगी घ्यावी. आपल्यामध्ये वावरणाऱ्या गीतकारांना निदान एक पत्र लिहावे आणि पुस्तिकेत त्यांचे नाव छापावे, एवढे सौजन्य आपण सहज दाखवू शकतो.

तिसरी, मुलांची सुरक्षितता. बालकांच्या संरक्षणासाठी २०१२ साली झालेला कायदा शाळेला पूर्णतः लागू आहे. एका मुलाचा सराव बंद खोलीत एकट्याने घेऊ नये. दार उघडे असावे व दुसरी मोठी व्यक्ती जवळपास असावी. सायंकाळचा सराव कधी संपेल आणि मूल घरी कोणाबरोबर जाईल हे पालकांना आधी कळवावे. छायाचित्रे प्रसिद्ध करण्यापूर्वी संमती घ्यावी.

शिक्षकाचे नवचैतन्य

आता थोडे स्वतः शिक्षकाविषयी. दिवसभर वर्गात बोलणे आणि त्यानंतर गाणे शिकवणे यांचा भार एकाच गळ्यावर पडतो. इतर अनेक व्यवसायांच्या मानाने शिक्षकांत आवाजाच्या तक्रारी अधिक आढळतात. १६ एप्रिल हा जागतिक आवाज दिन म्हणून पाळला जातो. तो आपल्या सुट्टीच्या उंबरठ्यावरच येतो ही चांगली खूण समजावी. सुट्टीतील पहिला आठवडा गळ्याला विसावा द्यावा. कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे. त्यानेही स्वरयंत्रावर ताण पडतो. पाणी वरचेवर प्यावे. वारंवार खाकरण्याची सवय सोडावी. साध्या पातळ नळीतून सावकाश ‘ऊ’कार धरून खालून वर व वरून खाली सूर फिरवल्यास स्वरतंतूंना कमी आघातात व्यायाम मिळतो. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिल्यास घरगुती उपायांवर विसंबू नये, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

गळ्याप्रमाणे मनालाही विसावा हवा. जो सतत इतरांना गावयास लावतो तो स्वतः ऐकणे विसरतो. सुट्टीत एखाद्या रविवारी दुसऱ्या धर्मग्रामात जाऊन, कोणतीही जबाबदारी न घेता, शेवटच्या बाकावर बसून मिस्सात सहभागी व्हावे. जमल्यास एक-दोन दिवसांची मौन मननसाधना करावी. काहीतरी नवे शिकावे: तबल्याचे चार ठेके, स्वरलिपी, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा. वयाच्या चाळिशीत विद्यार्थी म्हणून बसल्यावर आपण मुलांवर कशासाठी आणि किती रागावत होतो ते फार लवकर उमगते.

आणि एकट्याने काम करणे थांबवावे. ज्या शाळेत सारा वृंद एका व्यक्तीवर उभा असतो तेथे ती व्यक्ती निवृत्त होताच किंवा बदलून जाताच गाणे थांबते. असे होताना आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. म्हणून जूनमध्येच एक सहकारी मागून घ्यावा, मोठ्या मुलांतून दोन वृंदप्रमुख नेमावेत, पालकांपैकी पेटी वा तबला वाजवणारा कुणी असल्यास त्याला बोलवावे. शेजारच्या तीन-चार शाळांतील शिक्षकांनी सुट्टीत एकदा जमून आपापल्या वह्या एकमेकांना दाखवल्या, तर प्रत्येकाच्या पदरात चार-पाच नवी गीते सहज पडतील.

सुट्टीचे साधे वेळापत्रक

एप्रिलचा अखेरचा आठवडा: वही लिहिणे, वाद्ये आवरणे, दुरुस्तीचा कागद देणे, वृंदातील प्रत्येक मुलाला आभाराची दोन ओळींची चिठ्ठी देणे.

मेचा पूर्वार्ध: गळ्याला विसावा, कुटुंबाला वेळ, शाळेच्या कामाला पूर्ण सुट्टी.

मेचा तिसरा आठवडा: गीते ऐकणे, निवडणे, पट्ट्या ठरवणे.

मेचा अखेरचा आठवडा: दोन रंगांची दिनदर्शिका तयार करणे, सहशिक्षकांची बैठक, संमतिपत्राचा मसुदा.

जूनचा पहिला पंधरवडा: वाद्ये उघडून तपासणे, गीतांच्या प्रती काढणे, मुख्याध्यापकांकडून सरावाच्या तासिका लेखी मंजूर करून घेणे. तासिका वेळापत्रकात आली नाही तर ती वर्षभर मिळत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे.

शेवटी

जूनमध्ये शाळा उघडेल. भिजलेल्या छत्र्या ओट्यावर ओळीने लागतील, नवी मुले दारात उभी राहून आत डोकावतील. त्यांत एखादे मूल सर्वांआधी येऊन बाके सरकवू लागेल आणि ते कदाचित बेसूरही असेल. त्याला आपण पहिल्या दिवशी कोणत्या जागी उभे करणार, हे ठरवण्यासाठी आपल्याकडे संपूर्ण सुट्टी आहे. ती आपल्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावी, अशी सर्व गायनशिक्षक बंधुभगिनींना आमची नम्र विनंती. संत सिसिलियेची प्रार्थना आपणा सर्वांस साहाय्यकारी होवो.